गुरुवारचं ऊन

रथसप्तमीच्या सकाळी अंगणात गोवऱ्यांवर ठेवलेलं दूध उतू गेलं, ते नेमकं हौदाच्या दिशेने गेलं. दुर्गाबाईंनी हात जोडले. दूध जिकडे उतू जातं तिकडे त्या वर्षी भरभराट, असं त्यांच्या सासूबाई सांगत. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांचं म्हणणं खोटं ठरवायची या घरात अजून कुणाची छाती नव्हती.

"बघितलंस मंजुळे? हौदाकडंच गेलं."

धाकट्या जाऊबाई मंजुळाबाईंनी मान तिरकी करून अंगण न्याहाळलं. "तिकडं उतार हाय, आक्का."

दुर्गाबाईंनी विझत्या गोवऱ्या सारख्या केल्या. आज मंजुळेच्या तोंडी लागायचं नाही असं त्यांनी अंघोळ करतानाच ठरवलं होतं. आज त्यांच्या घरधन्याच्या, हिंदुरावांच्या पायाचा निकाल होता.

हौद म्हणजे जर्मन साहेबाचा हौद. जमिनी कारखान्यांत गेल्यावर हिंदुरावांनी मोशीच्या रस्त्याला बंगला बांधला आणि तो आकुर्डीच्या एका कंपनीत यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन साहेबाला राहायला दिला. साहेबाने पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या चिंचेखाली पंचवीस फूट लांब नि बारा फूट रुंद पोहायचा हौद हौसेने करून घेतला. साहेब गेला, हौद राहिला. घरच्यांनी त्यात गणपती विसर्जन केले, गोधड्या धुतल्या, एकदा आत पडलेली म्हैस दोर लावून वर काढली. पोहलं मात्र कुणी नाही. चिंचेच्या सावलीत पाणी बारा महिने गारढोण असायचं, आणि पोहायचंच तर इंद्रायणी काय आटली होती?

गेल्या गणपतीत हिंदुरावांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड सरळ झालं, हात दोन महिन्यांत वळला, पण पाय गुडघ्याखाली दगडच राहिला. दिवाळीत त्या पायावर उकळता चहा सांडला तर ते शांतपणे म्हणाले, "कप कुणी पाडला?" फोड आल्यावर कळलं की पाडला यांनीच आणि भाजलंही यांनाच. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दुर्गाबाई त्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढत आणि हिंदुराव भिंतीकडे बघत विचारत, "काढलास का?" त्यावर दुर्गाबाई "न्हाई अजून" म्हणत आणि उठून स्वयंपाकघरात जात. तिथे काही काम नसलं तरी जात.

चिंचवडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात छातीइतकं उभं करून रोज अर्धा तास चालवा. पाण्यात भार हलका होतो, पाऊल उचलायला पाय शिकतो. पण पाणी कोमटच हवं, गार पाण्यात शिरा आखडतील.

एवढा मोठा हौद आणि तो कोमट करायचा! किती बंब लागतील असं दुर्गाबाईंनी जावयाला विचारलं. जावई मधुसूदनराव आकुर्डीच्या कारखान्यात इंजिनिअर, चिंचवडच्या शिक्षकाचा मुलगा. त्यांनी कागदावर हिशेब मांडून सांगितलं, "दोन हजार, आई. पण आपल्याकडे सूर्य आहे की."

सासऱ्यांच्या आजारपणासाठी ते नि दुर्गाबाईंची लेक प्रभावती इथेच राहायला आले होते. मार्गशीर्षात त्यांनी कंपनीतल्या मोडीत निघालेल्या खोक्यांच्या आठ पेट्या केल्या, आत काळ्या रंगाचे पत्रे बसवले, पत्र्यांना नळ्या डागल्या, वर काचा लावल्या आणि आठही पेट्या गच्चीवर उन्हाकडे तोंड करून मांडल्या. मोटर हौदाचं पाणी वर चढवायची, ते काळ्या पत्र्यांवरून तापून खाली यायचं. संध्याकाळी हौदावर जाड प्लास्टिक पांघरायचं, म्हणजे रात्री ऊब जायची नाही. मधुसूदनरावांनी हे सगळं दुर्गाबाईंना नीट समजावून सांगितलं होतं. दुर्गाबाईंनी निम्म्यावर मान डोलवली होती, कारण जावयाला दोनदा विचारणं शोभत नाही.

पाणी तापायचं, पण फक्त गुरुवारी.

"किती भरलं, जावईबापू?" फाटकातून धाकटे दीर उद्धवराव आत आले. त्यांच्यामागे मुरमाने भरलेली ट्रॉली घेऊन ज्योतीरामचा ट्रॅक्टर उभा होता. एवढ्या सकाळी!

मधुसूदनराव हौदाच्या काठावर उकिडवे बसून तापमापक बघत होते. "साडेएकवीस."

"आन् पायजे किती?"

"तीस तरी."

"आज संध्याकाळपतूर व्हईल?"

"आज सोमवार आहे, काका. गुरुवार असता तर दीड-दोन अंशांनी चढलं असतं. मग पुन्हा आठवडाभर थोडं थोडं उतरतं."

उद्धवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काम सूर्यनारायणाचं, आन् ते दत्ताच्या वाराला? रविवारी व्हतं म्हणाला असता तर येक वेळ पटलं असतं."

"दत्ताचा संबंध नाही, काका. इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी धुराडी बंद, हवा स्वच्छ, म्हणून ऊन पूर्ण मिळतं. बाकीचे सहा दिवस धूर ऊन अडवतो. पुरावा आहे माझ्याकडे. काचांवर पांढरट पूड बसते. आमच्या प्रयोगशाळेत तपासून घेतली."

"काय निघालं?"

मधुसूदनराव किंचित अडखळले. "मीठ."

"मीठ?"

"कुठला तरी कारखाना हवेत मीठ सोडतोय. मी सरकारला चार पानी अर्ज लिहिलाय."

उद्धवरावांनी वहिनीकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत दया होती आणि तीच दुर्गाबाईंना सगळ्यात झोंबली. उद्धवरावांना तो हौद भरून त्यावर पोरासाठी, भीमराजसाठी, लेथचा गाळा काढायचा होता. तसे ते मनाचे वाईट नव्हते, पण रिकामी जागा बघितली की त्यांना तिथे पत्रा दिसायचा. संक्रांतीला दोघा भावांची जुंपली तेव्हा हिंदुरावांनीच तोडगा काढला होता. "रथसप्तमीला चार माणसांत मी पाय घालून बघीन. कोमट असंल तर हौद ऱ्हाईल. गार असंल तर उद्धवा, भर मुरूम." हिंदुरावांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या शब्दापायी त्यांनी एकदा सख्ख्या मेहुण्याविरुद्ध साक्ष दिली होती आणि दुर्गाबाईंचं माहेर सात वर्षं तुटलं होतं.

"मी दुपारी अर्धी रजा टाकून येतो," असं म्हणून मधुसूदनराव सायकलवर टांग टाकून निघाले. पाठोपाठ प्रभावती शाळेत शिकवायला गेली. उद्धवराव ट्रॉलीच्या सावलीत पेपर घेऊन बसले. दुर्गाबाईंनी पदर खोचला, आवळ्यांची परात उचलली आणि गच्चीचा जिना चढल्या.

त्यांचा नवस होता. ज्या रात्री हिंदुराव पडले त्याच रात्री त्या गावच्या नागेश्वराला बोलल्या होत्या, ह्यांचा पाय उठू दे, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला पाचशे एक सवाष्णींना आवळासुपारीचं वाण देईन. पाचशे एक पुड्यांना आवळे किती लागतात ते ज्याने किसलेत त्याला विचारावं. दुर्गाबाईंची बोटं दोन महिने काळी पडली होती. किसायचे, आलं आणि काळं मीठ लावायचं, धोतराच्या पानावर पसरायचे आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायचे. आणि वाळवायला जागा कुठली? जावयाने जणू सासूसाठीच मांडलेली! काचेच्या आठ पेट्या, उन्हाकडे तोंड केलेल्या, खालून ऊबदार, धूळ नाही, कोंबड्या नाहीत. चार दिवसांचं वाळवण दीड दिवसात होत होतं. बातमी आळीत पसरली तशी शेजारच्या सोजरबाई तीळ घेऊन आल्या, मंजुळाबाईंनी कोहळ्याचे सांडगे आणले. खालच्या दोन पेट्या मंजुळाबाईंच्या, असं ठरूनही गेलं.

आवळे घालायचे ते जावई कामावर गेल्यावर. साडेचारला दव पडायच्या आत काढायचे, जावई सहाला यायचा. गुरुवारी मात्र तो दिवसभर गच्चीवर पान्हे घेऊन वावरायचा, आणि जावयासमोर लुगडं खोचून पेट्यांवर ओणवं होणं बरं दिसतं का?

उन्हाबद्दल दुर्गाबाईंच्या मनात शंका आली नव्हती असं नाही. एकदा आली होती. पण ऊन म्हणजे काही भाकर नव्हे, एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरली नाही. ऊन अख्ख्या मोशीला पुरून वर आळंदीला जातं. त्यात आवळे खाऊन खाऊन किती खाणार?

साडेबाराला त्या शेवटचा घाणा उलथत होत्या तेव्हा मागे पाऊल वाजलं. मधुसूदनराव हातात वही घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. समोर आठही पेट्यांवर पांढरी धोतरं, धोतरांवर आवळे, तीळ, सांडगे. काळा पत्रा औषधाला दिसत नव्हता.

दुर्गाबाईंनी झटकन पदर सावरला. "लवकर आलासा? जेवायला वाढते."

मधुसूदनराव पुढे आले. त्यांनी चिमूटभर आवळा उचलला, जिभेवर ठेवला. "मीठ," ते पुटपुटले.

"कमी हाय का?"

"आई, हे रोज असतं इथे?"

"रोज कुठलं? गुरुवारी तुमी असता न्हवं."

मधुसूदनराव कठड्यावर बसले. खिशातून चार पानी अर्ज काढला, वाचला, पुन्हा घडी केली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दुर्गाबाईंना वाटलं पोरगा रडतोय. तो हसत होता, पण डोळ्यांतून पाणी मात्र खरंच येत होतं.

"माझं काय चुकलं का?"

"नाही, आई. म्हणजे... हे पत्रे ऊन खाऊन पाणी तापवतात. वर कापड घातलं की ते उपाशी राहतात. ऊन भाकरीसारखंच असतं. आवळ्यांनी खाल्लं, पाण्याला उरलं नाही."

आपण मनात म्हटलेलं जावयाच्या तोंडून उलटं ऐकलं आणि दुर्गाबाईंच्या हातातली परात खाली ठेवली गेली. एकेक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे आला. पहाटे उठून सूर्याला अर्घ्य द्यायचं, ह्यांच्या पायासाठी पदर पसरायचा, आणि नऊ वाजता त्याच सूर्याच्या वाटेत स्वतःच्या हाताने धोतर घालायचं. नवस पायासाठी आणि पायाच्याच आड तो नवस. घरात चाळीस वर्षं कुणाला एक शब्द बोलू दिला नाही त्या बाईला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"किती दिस लागलं असतं? आवळं नसतं तर?"

"पंधरा-वीस दिवसांत तिशीला गेलं असतं. तेही अजून होईल."

"आजच मुरूम पडतोय, जावईबापू."

मधुसूदनरावांनी अर्ज वहीत ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे खाली कुणाला सांगू नका. धुरामुळेच झालं असं मी सांगतो. उद्धवकाकांना हसायला मीच बरा, तुम्ही नको."

ज्या जावयाला लग्नात त्यांनी "आमटीभाताचा पोरगा" म्हणून नाक मुरडलं होतं, तो त्यांची अब्रू झाकायला निघाला होता. दुर्गाबाईंना भरून आलं. "पुड्यांना कागद कमी पडतोय," एवढंच त्या कशाबशा बोलल्या. मधुसूदनरावांनी अर्जाची चारही पानं आणि वहीतले आलेखाचे कागद फाडून त्यांच्या हातावर ठेवले.

चार वाजता बंगल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोशीच्या तर झाडून सगळ्या आल्याच, वर चऱ्होली-आळंदीहूनही बायका बसने आल्या होत्या. हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर लागलं, पुड्या वाटल्या गेल्या. सोजरबाईंच्या पुडीवर 'माननीय महोदय' असं सुरेख अक्षर होतं. सगळ्या बायका हौदाभोवती गोळा झाल्या, कारण हळदीकुंकू बारा घरी मिळतं, असा तमाशा रोज थोडाच असतो?

हिंदुरावांना खुर्चीसकट काठाशी आणलं. त्यांनी पांढरा फेटा बांधला होता. उद्धवरावांनी फाटकाकडे हात केला, ज्योतीरामने ट्रॅक्टर सुरू केला.

"जावईबापू, आकडा सांगा," उद्धवराव म्हणाले.

"एकवीसच आहे. धुरामुळे..."

"थांबा," दुर्गाबाई म्हणाल्या.

ट्रॅक्टर धडधडत होता. "ज्योतीराम, बंद कर ते!" ट्रॅक्टर बंद झाला. पाचशे बायकांनी माना वळवल्या. दुर्गाबाईंचा आवाज नेहमीचाच निघाला, हुकमाचा.

"धूरबीर काय न्हाई. जावयाची कळ बरोबर हाय. चूक माझी हाय. त्येच्या काचांवर मी आवळं वाळवलं. रोज. गुरुवार सोडून."

क्षणभर कुणाला कळेना. कळलं तसे उद्धवराव गुडघ्यावर हात मारून हसायला लागले. "म्हंजे वयनी, दोन महिनं सगळा गाव धुराला शिव्या घालतोय, आन् सूर्य तुमी पुडीत बांधला!"

"हसा भावजी. खालच्या दोन पेट्यांवर सांडगे कुणाचे व्हते ते घरी जाऊन इचारा."

उद्धवरावांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. मंजुळाबाई कुंकवाच्या करंड्यात काहीतरी शोधत होत्या.

"काल रात्री तळून दिलं तेच का गं?"

"चार खाल्लंसा तुमी," मंजुळाबाई करंड्यालाच म्हणाल्या.

"माझं तीळ बी व्हतं," मागून सोजरबाईंनी कबुली दिली. मग एकेक करत सगळ्यांना कंठ फुटला. कुणाची हळकुंडं, कुणाच्या वाती. अर्ध्या मोशीने त्या काचांवर काही ना काही वाळवलं होतं. बायका एकदम दुर्गाबाईंच्या बाजूला सरकल्या, अगदी पायांनी सरकल्या, आणि ट्रॅक्टरची वाट आपोआप बंद झाली.

"अवो, ऐका," दुर्गाबाई नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. चारचौघांत त्यांनी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. "वीस दिस द्या. एक आवळा चढणार न्हाई गच्चीवर. माझ्या हातानं तुमचा पाय अडला, तो माझ्याच हातानं मोकळा करू द्या."

"वयनी, वाईट मला बी वाटतंय," उद्धवराव म्हणाले, आणि वाटतही होतं. "पर कारण कायबी असंना, पाणी गार ते गारच. दादाचा शब्द हाय. मोडायचा का?"

सगळे हिंदुरावांकडे बघायला लागले. हिंदुराव इतका वेळ पुडी उघडून आवळासुपारी चघळत होते.

"शब्द मोडायचा न्हाई," ते म्हणाले. "पाय घालून बघायचं ठरलंय, तर बघायचं."

ते वाकले. डाव्या पायातली वहाण त्यांनी हाताने ओढून काढली, धोतर वर घेतलं, दोन्ही हातांनी तो पाय नांगराचा फाळ उचलावा तसा उचलला आणि हौदात सोडला. डोळे मिटले. चिंचेवर कावळा ओरडला, त्यालासुद्धा कुणीतरी शुक् केलं. बराच वेळ ते तसेच बसले. एकदा त्यांची भुवई हलली.

"कोमट हाय," हिंदुराव म्हणाले.

"दादा!"

"कोमट हाय म्हनलं ना."

उद्धवराव पुढे झुकून पाण्यात हात घालणार, तेवढ्यात हिंदुरावांची काठी आडवी आली. "उद्धवा, पाय मी घालायचा असं ठरलं व्हतं. हात तू घालायचा असं कुठं ठरलं व्हतं?"

मधुसूदनरावांनी तापमापक गुपचूप खिशात टाकला. बायकांनी असा गलका केला की ट्रॅक्टरचा आवाज त्यापुढे काहीच नव्हता. मुरूम शेवटी बंगल्यापुढच्या खड्ड्यांत पडला, आणि तो नीट पसरा म्हणून उद्धवरावच ज्योतीरामला ओरडत होते, कारण काम चुकलेलं त्यांना बघवत नसे.

दुर्गाबाई मात्र गलक्यात नव्हत्या. त्यांनी बघितलं होतं, पाय कुठला घातला ते.

दिवेलागणीला बायका गेल्या, मधुसूदनराव गच्चीवर काचा पुसायला गेले. दुर्गाबाई पंचा घेऊन नवऱ्याच्या पायाशी बसल्या.

"उजवा धडधाकट असताना डावा का घातला?"

हिंदुराव भिंतीकडे बघत होते. "उजवा घातला असता तर खरं बोलावं लागलं असतं. हौद गेला असता. आन् तू चार बायकांत उभी ऱ्हाऊन आपली चूक सांगितलीस, ती फुकट गेली असती. चाळीस वर्सांत पयल्यांदाच सांगितलीस."

"म्हंजे खोटं बोललासा?"

"ठरवलं तसं न्हवतं. म्हनलं, डाव्याला ना गार कळतं ना ऊन. त्येनं कोमट म्हनलं तर ते खोटं कसं व्हईल? त्येच्या जिवावर बोलणार व्हतो." ते थांबले. त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. "पर घात झाला बघ."

"काय झालं?"

"कळलं त्येला. गारढोण हाय तुझ्या जावयाचं पाणी. अंगठा पार कळवळला. आता खोटं बोललोच म्हणायचं."

दुर्गाबाईंच्या हातातला पंचा तसाच राहिला. त्यांनी पायाचा अंगठा धरला आणि दोन महिने आवळे किसलेल्या काळ्या बोटांनी करकचून चिमटा काढला.

"आयाय गं!" हिंदुराव ओरडले. मंजुळाबाई धावत दाराशी आल्या, गच्चीवरून मधुसूदनरावांनी "काय झालं?" म्हणून हाक मारली. दुर्गाबाईंनी गळणारे डोळे पदराने पुसले आणि नीट खात्री व्हावी म्हणून आणखी एक चिमटा काढला.